वाजवून तर दाखवा

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. धान कापणीला आलेलं, बांध्यांमधलं पाणी उतरलेलं, आणि भाचा ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेला. "मामा, पाहा बरं, नवा पॅड निंगला," म्हणत त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पॅड म्हणजे ऑक्टोपॅड, रबरी चौकोनांवर काठी मारून नाना आवाज काढायचं विजेवरचं वाद्य. कंपनी नामांकित, परदेशातली. नाव घेत नाही, नावाने काही फरकही पडत नाही. जेमतेम मिनिटभराचा व्हिडिओ. निळसर अंधार, जमिनीलगत सोडलेला धूर, काळ्या टी-शर्टातला लांब केसांचा एक तरुण आणि पॅडच्या कडेने पेटत-विझत जाणारे दिवे. कॅमेरा इतका जवळ नेलेला की रबराचे कण मोजून घ्यावेत. मागे एक तयार गाणं धडधडत होतं. त्यातला कोणता आवाज पॅडचा आणि कोणता आधीच भरून ठेवलेला, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव, त्याखाली 'लवकरच', आणि संपलं. भाच्याने कानात इअरफोन घालून पुन्हा पाहिलं, आवाज वाढवून पाहिलं. मग म्हणाला, "मामा, हा वाजते कसा, तेच नाही दाखवून रायले." आणि विळा घेऊन बांधीकडे निघून गेला.

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

भाचा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा इथल्या एका नाट्यमंडळात ऑक्टोपॅड वाजवतो. भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत त्याचा मुक्काम घरी नसतोच. आज लाखांदूरकडे, उद्या सिंदेवाहीकडे, परवा कुरखेड्याच्या पलीकडे जंगलातल्या एखाद्या गावात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. उरलेलं वर्ष धान आणि घरोघरची वायरिंगची कामं. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखातल्या, नाटकात ऑक्टोपॅडवाल्याला क्षणाचीही उसंत नसते. खलनायक आत शिरला की धडाड, सुनेच्या गालावर चापट बसली की फटाक, बंदूक, वीज, मोटारसायकल, मंदिरातली घंटा. मध्येच लावणी सुरू झाली की ढोलकी, गोंधळ आला की संबळ. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत, आणि एवढा वेळ त्याची नजर पॅडवर नसते, नटाच्या हातावर असते. चापट एक पळ आधी वाजली तरी अख्खा मंडप हसतो आणि बिचाऱ्या सुनेचं रडणं वाया जातं. असा पॅड विकत घ्यायचा म्हणजे हंगामाच्या कमाईचा मोठा घास जातो. मग तो माणूस व्हिडिओत काय पाहणार? त्या तरुणाचे केस?

जाहिरात कशाशी खातात हे झाडीपट्टीला कोणी शिकवायला नको. दिवाळीनंतर वडसाच्या रस्त्याने एक चक्कर मारली की पुरे. नाट्यमंडळांच्या कचेऱ्या ओळीने लागलेल्या, प्रत्येकीच्या दारावर फ्लेक्स, फ्लेक्सवर नायिकेचा हातभर चेहरा, रडता खलनायक, हसता बाप, कोपऱ्यात विनोदी नटाचं तिरपं तोंड. नाटकाचं नाव असं की वाचूनच घशात आवंढा यावा. खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावं, कित्येकदा फोटोसकट. गावोगावचे मंडळाचे लोक गटाने येतात, चहा घेतात, "यंदा तुमच्याकडं कोन आहे नवीन?" म्हणून विचारतात आणि तारीख पक्की करतात. मग त्या गावच्या पंचक्रोशीत कर्णा लावलेली गाडी फिरते. भोंग्यातला माणूस काय वाटेल ते बोलतो, बरंचसं खोटंही बोलतो. पण कोणतं नाटक, कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कोण वाजवणार, तिकीट किती, हे तो कधी विसरत नाही. ही रंगभूमी राष्ट्रपती भवनापर्यंत पोचली आहे. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरात लग्न असल्यासारखा आनंद झाला होता. आणि इकडे जगभर धंदा करणारी कंपनी नवं वाद्य काढते, त्याचा आवाज सांगत नाही, किंमत सांगत नाही, कधी मिळणार ते सांगत नाही.

मला त्या जाहिरातीचा राग आला नाही, शंका आली. माणूस आपल्या वस्तूबद्दल एवढं मोघम कधी बोलतो? एक तर तिच्यात सांगण्यासारखं फारसं नसतं तेव्हा, नाही तर ऐकणारा कोण आहे हेच त्याला माहीत नसतं तेव्हा. पहिलं असेल तर पैसे वाचले. दुसरं असेल तर गोष्ट जास्त वाईट, कारण मग वाद्य कदाचित उत्तम असेल आणि तरीही ते आमच्यापर्यंत कधीच धड पोचणार नाही.

आमच्याकडचा वादक पॅडला काय विचारतो, हे त्या कंपनीतल्या कोणी एकदा येऊन ऐकायला हवं होतं. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या काठच्या गावांत रात्री असं दव पडतं की मंडपाच्या कापडातून थेंब गळायला लागतात. मांडीवरची शाल ओली होते, तबल्याची शाई सुस्तावते, आणि पॅडच्या रबरावर पाण्याचा पातळ थर धरतो. त्यावर काठी घसरते का? पॅडच्या आत ओल जाते का? वीज अर्ध्या रात्री हमखास जाते. जनरेटर सुरू होईपर्यंत मंडपात शिट्ट्या, मग मोठा खोकला काढून जनरेटर पेटतो आणि दिवे आधी पिवळे, मग पांढरे होतात. त्या डळमळत्या दाबावर यंत्र तग धरतं का? आणि पुन्हा सुरू झाल्यावर ते मघाच्या पॅचवरच, म्हणजे जमवून ठेवलेल्या आवाजांच्या संचावरच, येतं, की पहिल्या पानावर जाऊन बसतं? नटी तिकडे मरायला टेकलेली आणि याला डोळे बारीक करून बटणं दाबत आपला पॅच शोधावा लागला, तर ती मरणार कशी? काठीऐवजी बोटांनी वाजवलं तर पॅडला कळतं का? ढोलकीवर हात घासत जो आवाज वळवतात, तो एका रबरी चौकोनावर निघतो का? मिक्सरकडे जाणारी वायर रात्रभर पायात येते, तिची पिन सैल होते का? पॅड बिघडला तर उघडणार कोण, नागपूरला मिळतो का त्याचा भाग, की मुंबईला पाठवून हंगाम संपेपर्यंत वाट पाहायची?

यातलं एकही उत्तर त्या मिनिटात नव्हतं. धूर मात्र भरपूर होता.

इलेक्ट्रॉनिक वाद्यं करणाऱ्यांना दाखवता येत नाही असं म्हणावं, तर तेही खरं नाही. या धंद्यातलं मला सर्वांत आवडणारं प्रात्यक्षिक १९८३ सालच्या जानेवारीत, अमेरिकेतल्या नॅम नावाच्या वाद्यमेळ्यात झालं. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन यंत्रं, एक प्रॉफेट-६००, दुसरं रोलँडचं ज्युपिटर-६. मध्ये एक साधी वायर. एकाची पट्टी दाबली आणि दुसऱ्यातून सूर निघाला. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांचं ऐकत होती. मिडी म्हणतात ती व्यवस्था ही. तिच्यासाठी प्रॉफेट-६०० काढणाऱ्या कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना पुढे २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. त्या मेळ्यात कोणाला भाषण ऐकायची गरजच नव्हती. इकडे बोट, तिकडे आवाज.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आला. गंमत म्हणजे त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी चौकोन, मारलं की मिडीच्या वायरीतून दुसऱ्या यंत्राला निरोप जायचा आणि आवाज तिथून यायचा. आवाज पोटात घेऊन आलेले पॅड नंतरचे. त्यातला आमच्याकडे खरा रुजला तो १९९८ चा एसपीडी-२०. आठ पॅड, आत सातशे आवाज, नव्व्याण्णव पॅच. त्यात आमची ढोलकी नव्हती, आमचं संबळ नव्हतं, हलगी नव्हती. पण वाजवणाऱ्यांनी रात्र-रात्र बसून आतल्याच आवाजांना खाली ओढलं, वर ताणलं, एकावर एक चढवलं आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी असे जवळपासचे आवाज घडवले. हे पॅच मग मिडीच्या वायरीने एका पॅडमधून दुसऱ्यात गेले, उस्ताद-शागिर्दीतून गेले, पैसे देऊन गेले, चोरूनही गेले. भाच्याच्या पॅडमधला गोंधळाचा पॅच कोणी बांधला ते त्याला ठाऊक नाही. भंडाऱ्याकडच्या, वरातीत वाजवणाऱ्या एका धुमाल पार्टीतल्या पोराकडून आला एवढंच तो सांगतो. त्या पोराकडे रायपूरकडून आला होता म्हणे.

माझी शंका इथे येऊन बसते. वाद्य एकट्याने विकत घेतलं तरी ते एकट्याचं राहत नाही. चार जणांकडे असलं तर पाचव्याला पॅच मिळतो, दुरुस्तीवाला त्याच्यावर हात बसवतो, होळीनंतर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळतं, आयत्या वेळी बंद पडलं तर शेजारच्या मंडळाकडून उसनं आणता येतं. नव्या यंत्राला यातलं काहीच नसतं. कंपनीने जाहिरात नीट करायची ती या पहिल्या चार जणांसाठी. तिथे तिने हात आखडता घेतला तर चार जण जमत नाहीत, पाचवा फिरकत नाही, आणि चांगलं यंत्र पोरकं होतं. दोन-तीन वर्षांनी कंपनी म्हणते, मागणी नव्हती. आणि बंद करते. मागणी नव्हती की मागायला कोणाला ठाऊकच नव्हतं, याचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार?

नागपूरला काम होतं तेव्हा वाट वाकडी करून वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. वार्निशचा, नव्या फोमचा आणि एसीच्या गारव्याचा मिळून जो वास अशा दुकानांना असतो, त्याची मला लहानपणापासून ओढ आहे. नव्या पॅडबद्दल विचारलं. काउंटरवरच्या पोराने आत हाक मारली, आतून मालक आले. "निघाला का तो? आम्हाला तर काही कळवलं नाही." मग त्यांनी माझ्याच मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला. संपल्यावर मोबाइल परत करत म्हणाले, "चांगला दिसतो." दिसतो! त्याच कंपनीचा मागच्या साली आलेला एक कीबोर्ड वरच्या फळीवर होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि समोर चिकटवलेली चिठ्ठी: हात लावू नये. मी विचारलं, वाजवून पाहता येईल का. ते म्हणाले, "डेमो पीस नाही दिला ना कंपनीने. आहे तो विकायचाय. प्लास्टिक फाडलं तर कोण घेणार?" माणूस सज्जन होता, चहा पाजला. पण लग्नपत्रिकेवर सगळे नातेवाईक छापून मुहूर्त आणि ठिकाण विसरावं, तसं काहीतरी या सगळ्या धंद्याचं झालंय असं मला तो चहा पिताना वाटत राहिलं.

त्याच फळीखाली भारतासाठी म्हणून काढलेले कीबोर्ड मांडले होते. यामाहाचे, कॅसिओचे. त्यांत तबला, सतार, हार्मोनियम, आपल्याकडचे ठेके. त्यांतल्या एकात रियाजासाठी वेगळी सोय. हे कीबोर्ड बाहेर काढलेले होते, वायर जोडलेली होती, आणि शाळेतली दोन पोरं त्यांच्यावर आरतीची चाल शोधत होती. एकाला मध्यम सापडत नव्हता, दुसरा त्याच्या बोटावर बोट ठेवून दाखवत होता. पाठीमागे त्यांचा बाप पाकीट चाचपत उभा. मी तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळलो.

आमच्या गावात पहिला कीबोर्ड आला तो असा कोणत्या दुकानातून आला नाही. मंडईच्या नाटकात एका मंडळाने आणला. तोवर नाटक म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन आणि तबला. त्या रात्री रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गनच्या शेजारी लोखंडी घोडीवर एक काळी पट्टी ठेवलेली होती, आणि तिच्यामागे मफलर गुंडाळलेला एक बारका माणूस. आम्ही पोरं पुढे जमिनीवर तणसाच्या ढिगात. दुसऱ्या अंकात नायक घर सोडून जातो, तेव्हा त्या पट्टीतून आगगाडी आली. लांबून, जवळ, आणि आमच्या अंगावरून. मागे बायका दचकून उठल्याचं मला आठवतं. मग पाऊस आला. मग बासरी आली, आणि बासरीवाला कुठे दिसेना म्हणून आम्ही माना उंच करून पडद्याआड पाहिलं. सकाळी चहाच्या टपरीवर नाटकाच्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नव्हतं, आगगाडीबद्दल बोलत होते. पुढच्या हंगामाला बुकिंग करणारे विचारू लागले, "तुमच्याकडं कॅसिओ आहे का जी?" ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी कर्ज काढून आणला. ज्या कंपनीने ते यंत्र बनवलं तिने या सगळ्यासाठी एक रुपया खर्च केला नव्हता आणि तिला हे कधी कळलंही नसेल.

पण त्या रात्रीचं दुसरं टोकही मला माहीत आहे. आमच्या भागात एक ऑर्गन मास्तर होते. त्यांच्याकडे मी पेटी शिकलो. पायाने भाता मारत, डोळे अर्धे मिटून, गाणाऱ्या नटाचा श्वास संपत आला की तो सावरून घेणारा माणूस. कीबोर्ड आला तसे पहिल्यांदा ते हसले. नंतर मंडळांनी त्यांना हंगाम देताना मानधन कमी केलं, मग एकाने ऑर्गन ठेवायलाच गाडीत जागा नाही म्हणून सांगितलं. ते कोणाला वाईट बोलले नाहीत. झाडीत अजून ऑर्गन वाजतो, चांगला वाजतो, पण मास्तर ज्या अंगणात बसायचे तिथे शेवटच्या वर्षांत ऑर्गनवर पोतं टाकलेलं असायचं आणि पोत्यावर सुकायला टाकलेल्या मिरच्या. म्हणून नव्या यंत्राची जाहिरात फिकी पडलेली पाहून माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला बरंही वाटतं. जोरात वाजतगाजत आलेलं प्रत्येक यंत्र कोणाला तरी उठवून त्याच्या जागी बसतं. चोनकं वाजवणारे आमच्याकडे आता किती उरले? खडी गंमत या आमच्या लोकनाट्यातली ढोलकी पॅडवर आली तेव्हा ढोलकीवाल्याने काय करावं, हे कोणत्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं? भाचा जगावा म्हणून पॅड हवा, आणि मास्तर आठवले की पॅड नको. मला दोन्ही वाटतं, आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही.

जाहिरातीशिवायही वाद्यं रुजतात, हे म्हणायला विदर्भात पुरावे कमी नाहीत. हार्मोनियमचंच घ्या. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. इतकी वर्षं सरकारी रेडिओ एका वाद्याला दारात उभं करत नव्हता, आणि त्याच काळात आमच्या भजनी मंडळांत ती गावोगाव पोचली. खंजिरीला तर कोणी कंपनीच नव्हती. तुकडोजी महाराजांनी ती हातात घेतली, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रत्येक प्रार्थनेत ती पोचली. १९५५ साली महाराज विश्वधर्म परिषदेला जपानला गेले. जपान हा नंतर आमच्या सगळ्या पॅड-कीबोर्डांचं माहेर ठरला, आणि त्याच्या कितीतरी आधी महाराजांच्या मोझरीची खंजिरी तिकडे जाऊन वाजून आली होती, हे मला फार आवडतं. मात्र यातून कंपन्यांनी निर्धास्त होऊ नये. हार्मोनियम सुतार दुरुस्त करतो, खंजिरीचं कातडं गावात बदलून मिळतं. पॅडच्या आतली पाटी जळली तर गावातल्या कोणाच्या बापाला ती दुरुस्त होत नाही. जे वाद्य कंपनीवाचून जगू शकत नाही, त्याच्याबद्दल कंपनीने गप्प बसणं आणि खंजिरीने गप्प बसणं यात फरक आहे.

या वादात माझा एक मित्र नेहमी टीबी-३०३ काढतो. तो साउंड सर्व्हिस चालवतो आणि अशा गोष्टी त्याला पाठ असतात. रोलँडने १९८१ साली काढलेलं ते चंदेरी यंत्र. बेस गिटारवाला सोबत नसेल त्याने हे घ्यावं, अशी त्याची ओळख करून दिली गेली. गिटारवाल्यांनी ऐकलं आणि नाकं मुरडली, कारण त्यातून बेस गिटारसारखा आवाज काही केल्या निघत नव्हता. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४ मध्ये ते बंद झालं. जुन्या बाजारात मातीमोल विकलं जाऊ लागलं, तेव्हा शिकागोतल्या खिसा रिकामा असलेल्या पोरांनी ते उचललं, बटणं पिळून त्यातून किंचाळणारा, चिखलातून वर येणारा आवाज काढला, आणि ऐंशीचं दशक संपता संपता त्या आवाजावर नाचगाण्याचा एक आख्खा प्रकार उभा राहिला. त्याहून आधी, १९८२ सालीच, मुंबईत चरणजितसिंग नावाच्या सिनेसंगीतातल्या वादकाने हेच ३०३ आणि सोबत रोलँडचं ८०८ हे ताल वाजवणारं यंत्र घेऊन राग वाजवले होते. रेकॉर्ड निघाली, कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. मित्र म्हणतो, "बघ, जाहिरात फसली म्हणून काय झालं? यंत्रात दम असला की आज ना उद्या कोणीतरी शोधतं."

खरं आहे. पण आज ना उद्या म्हणजे कोणाचा उद्या? शिकागोच्या पोरांना ते स्वस्तात मिळालं, कारण आधी कोणीतरी पूर्ण किमतीला घेऊन तोट्यात विकलं होतं. त्या पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव कोणत्याच गोष्टीत येत नाही. इतिहास घडला तो त्याच्या पैशावर, आणि तो बसला असेल कुठेतरी बायकोची बोलणी खात. माझा भाचा ते पहिलं गिऱ्हाईक आहे. वाद्याला पंधरा वर्षांनी कीर्ती मिळाली तर त्याला आनंदच होईल, पण त्याला येत्या भाऊबीजेला चापट वेळेवर वाजवायची आहे.

वेळेचीही एक गोष्ट आहे. नवी यंत्रं जाहीर करायचा परंपरेचा महिना जानेवारी, कारण कॅलिफोर्नियातला तो मेळा जानेवारीत भरतो. जानेवारीत आमचा वादक रात्री वाजवतो आणि दिवसा टेम्पोत झोपतो. त्याला नवं काही पाहायला सवड नसते आणि हातातलं वाद्य हंगामाच्या मध्यात बदलायची हिंमत नसते. तो विकत घेतो ते दसऱ्यानंतर, मंडळाचा अॅडव्हान्स हातात आला की. दिवाळीच्या तोंडावर 'लवकरच' म्हणून सांगणं म्हणजे त्याला सांगणं की यंदा नाही. कंपनीने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ज्याला झाडीचा हंगाम माहीतच नाही तो मुद्दाम काय करणार? पण नॅमची तारीख पाळणाऱ्यांना पोळा-दसऱ्याची तारीख अवघड नाही. सणांची कॅलेंडरं छापून वाटणारे किराणा दुकानदारही आमच्याकडे आहेत.

शेवटी मी कंपनीच्या इथल्या प्रतिनिधीचा नंबर त्या दुकानदाराकडून मिळवून फोन केला. बोलायला अदबशीर होता. मी सांगितलं, तुमचे दोन पॅड एका हंगामापुरते वडसाला द्या. एखाद्या चांगल्या मंडळाच्या वादकाकडे द्या, त्याला ढोलकी-संबळचे पॅच बांधू द्या, फ्लेक्सवर पॅडचा फोटो मंडळवाले आनंदाने टाकतील, तुमच्या मॉडेलचं नाव भोंग्यावरून फुकट फिरेल. होळीपर्यंत दव, धूळ, जनरेटर, सगळ्याची परीक्षा होईल, आणि तुम्हाला जे कळेल ते कोणत्या स्टुडिओत कळणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, कल्पना छान आहे. पण डेमो युनिट फक्त मेट्रो शहरांत असतात. तुम्ही एक विकत घेतला तर मी तुम्हाला आमच्या टी-शर्टचा एक सेट पाठवतो." मी टी-शर्टांचे माप विचारून घेतले. भाच्याने तोवर साकोलीकडच्या एकाचा जुना एसपीडी-२० पाहून ठेवला होता. दोन पॅडचं रबर गेलेलं, पण आत पॅच भरलेले, गोंधळाचे तीन तर आमच्याकडे नसलेले. त्याने घासाघीस करून तो आणला, रबर बदलून घेतलं, आणि भाऊबीजेच्या रात्री अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात नाटकाला बसला.